आजारी ठेवलेली बुरशी

"मग किती जनुकं गप्प बसली?"

"एकही नाही, बाई."

"एकही नाही?"

"अकरा हजार तपासली. तुमचा विषाणू बुरशीत असो की नसो, तिला काही फरक पडत नाही."

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरून बसल्या…

आज काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

बाई म्हणजे डॉ. दमयंती सोहोनी. झाडं मारणाऱ्या बुरशींचा त्यांनी चाळीस वर्षं अभ्यास केला. त्यातली सव्वीस वर्षं मी त्यांच्या प्रयोगशाळेत बटाटे उकडले. बुरशी वाढवायला बटाट्याचं पाणी, साखर आणि ते गोठवायला अगर नावाची पूड लागते. ते शिजवून काचेच्या प्लेटांत ओतायचं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर बाई पुरंदरच्या डोंगरउतारावर, अंजिराच्या बागांमध्ये घर बांधून राहिल्या. मी दर रविवारी तिकडे जातो. त्यांचे विद्यार्थी त्या घराला मठ म्हणतात. तिथं जायचं ते बोलणी खायला, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे जातात.

समोर बसलेला डॉ. हेरंब कुलथे हा बाईंचा शेवटचा विद्यार्थी, आणि सगळ्यांत हुशार. हे तो स्वतःही सांगायचा.

त्यानं ओसरीवरच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"लेख तयार आहे. पाठवण्याआधी तुम्हाला दाखवावा म्हटलं. दुसरीकडून तुमच्या कानावर यायला नको."

"उपकार झाले."

"बाई, तुमची बावीस वर्षं वाया गेली असं मी कुठंही म्हटलेलं नाही."

"नाही?"

"नाही. मी 'पूर्वीच्या निरीक्षणांना दुजोरा मिळाला नाही' एवढंच लिहिलंय."

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. खरंच वाटली. मी चहाचे कप उचलले आणि आत नेऊन ठेवले.

ती बावीस वर्षं कसली, ते सांगतो. अंजिराच्या मुळाला एक पांढरी बुरशी लागते. मूळ कुजतं, झाड उभ्या उभ्या वाळतं. बाईंना या बुरशीचा एक वाण असा सापडला की तो मुळाशी राहायचा, पण झाड मारायचा नाही. कारण तो स्वतःच आजारी होता. त्याच्या अंगात विषाणू होता. वर हा आजारी वाण मारक वाणाच्या धाग्यांना जाऊन मिळाला की त्यालाही आजार लावायचा. मग तोही थंड पडायचा आणि झाड तगायचं.

विषाणू शिरला म्हणून बुरशीची जनुकं बदलत नाहीत. ती असतात तिथंच असतात. पण कुणी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं, ते बदलतं. मूळ कुजवणारा रस तयार करायला सांगणारी जनुकं गप्प बसत असणार, असं बाईंचं म्हणणं होतं. ते मोजायची यंत्रं त्यांच्या काळात नव्हती. हेरंबकडे होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी बाईंनी त्याला आपली बुरशी दिली.

मागच्या उन्हाळ्यात इथली वीज आठ दिवस गेली. बाईंच्या फ्रिजमधल्या सगळ्या नळ्या खराब झाल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र शांत होत्या. हेरंबकडे आहे ना, म्हणाल्या.

मी बाहेर आलो तेव्हा बाईंनी चष्मा पुन्हा घातला होता.

"कौसल्याच्या झाडांचं काय?" त्यांनी विचारलं.

कौसल्या झेंडे म्हणजे बाईंची शेजारीण. दोघींच्या बागांमध्ये एक बांध. तिची चाळीस झाडं, तिनं स्वतः लावलेली. त्यातल्या नऊ झाडांवर हेरंबनं गेल्या पावसाळ्यात प्रयोग केला होता.

"तोच तर दुसरा पुरावा आहे," हेरंब म्हणाला. "आजारी बुरशी झाड वाचवते, असं तुम्ही म्हणता. मी नऊ झाडांच्या मुळाशी ती घातली. नऊच्या नऊ गेली."

पुरावा म्हणे. मी ती झाडं पाहून आलो होतो. मिठा बहार, म्हणजे उन्हाळ्याची गोड फळं, धरलेला, आणि फांदीवरच अंजिरं सुकून काळी पडलेली. कौसल्यानं ती तोडलीसुद्धा नव्हती. तिनं त्या माणसाला बागेत घेतलं ते फक्त बाईंचं नाव ऐकून.

"मी तुला कुंड्यांत करायला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

"कुंडीतल्या निकालाला कोण विचारतं, बाई?"

"तू विचारायचं होतंस!"

बाईंचा आवाज इतका चढला की बांधावरची टिटवी उडाली. हेरंब जरा मागे सरकला.

"किती घातलीस?"

"झाडाला दोन किलो. ज्वारीच्या दाण्यांवर वाढवून."

"म्हणजे अठरा किलो."

"हो."

"माझी बुरशी अठरा किलो वाढली?"

"हो, त्यात काय…"

"माझी बुरशी एक प्लेट भरायला तीन आठवडे घेते, हेरंब. रडत रडत वाढते."

"सुरुवातीला तशीच होती. नंतर सुधारली."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"कुणी सुधारली?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

हेरंबला त्यातला धोका कळला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला.

"मी. तुम्ही दिलीत तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. पिवळट, खुरटी, कडा वेड्यावाकड्या. असल्या बुरशीवर काम कसं करायचं? मी नेहमीच्या पद्धतीनं नीट केली. दर वेळी जिथं जोमदार वाढ दिसेल त्या कडेवरून तुकडा उचलायचा आणि नव्या प्लेटवर ठेवायचा. तुम्हीच शिकवलंय ते."

"किती वेळा?"

"चौदा."

"चौदा वेळा… कडेवरून."

"दहाव्या वेळेनंतर इतकी सुंदर वाढायला लागली, बाई! पांढरी शुभ्र. चार दिवसांत प्लेट भरायची."

"विषाणू कधी तपासलास?"

"आणल्या आणल्या. भरपूर होता."

"आणि चौदाव्यानंतर?"

हेरंबनं लेखाचे कागद सारखे केले.

"चौदाव्यानंतर, हेरंब?"

"एकदा तपासला होता ना. तो जाणार कुठं…"

आणि मग त्याचं त्यालाच कळलं. चेहरा असा उतरला की एरवी मला दया आली असती.

मी बटाटे उकडणारा माणूस, पण मलाही त्याच्याआधी कळलं होतं. एका प्लेटमधली सगळी बुरशी सारखी आजारी नसते. कडेचा एखादा धागा विषाणूच्या तावडीतून निसटतो आणि मोकळा सुटून सुसाट वाढतो. यानं दर वेळी नेमका तोच उचलला. चौदा वेळा. शेवटी विषाणूवाली म्हणून जी मोजली ती निरोगी, आणि बिनविषाणूची म्हणून जी मोजली तीही निरोगी. फरक दिसणार कुठून? आणि अठरा किलो निरोगी, मारक बुरशी यानं आपल्या हातांनी कौसल्याच्या झाडांना घातली होती.

"मी नळीवर चिठ्ठी लावली होती," बाई म्हणाल्या. "काय लिहिलं होतं तिच्यावर?"

हेरंब खाली बघत राहिला.

"वाचली होतीस?"

"हो."

"काय लिहिलं होतं?"

"मधून उचल… सगळ्यांत मरतुकडं दिसेल ते."

"मग?"

"मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"वाटलं, चुकून लिहिलं गेलं असेल. वयामुळे…"

बाई उभ्या राहिल्या. एकाहत्तर वर्षांच्या बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्चीला धरून उठणाऱ्या. त्या दिवशी एकदम उठल्या.

"वयामुळे! बावीस वर्षं मी तिला आजारी ठेवली. काही माहीत आहे तुला, एखाद्याला आजारी ठेवणं म्हणजे काय? मरू द्यायचं नाही आणि सुधारू द्यायचं नाही. हात दर वेळी त्या जोमदार कडेकडे जायचा, माझासुद्धा! मागे ओढून घ्यायचा आणि मरतुकड्यावर ठेवायचा. दर महिन्याला. आणि तू माझ्या बुरशीला बरं केलंस! वर लेख लिहिलास!"

"बाई, मी मुद्दाम…"

"मुद्दाम केलं असतंस तर निदान अक्कल लागली असती!"

बाईंनी लेखाचा गठ्ठा बाजूला सारला.

"पहिल्या प्लेटा आहेत? दुसऱ्या, तिसऱ्या वेळच्या?"

"नाही."

"एखादी तरी?"

"वाफेत घालून मारल्या आणि टाकून दिल्या, बाई. रोगट प्लेटा कोण ठेवतं…"

बाईंच्या फ्रिजमध्ये काही नव्हतं. हेरंबकडे काही नव्हतं. दुसरीकडे कुठं ती बुरशी असेल असं आम्हाला माहीत नव्हतं.

बाईंचा आवाज बांधापलीकडे गेला होता. कौसल्या फाटकातून आत आली. हात मातीनं भरलेले. हेरंबला बघून ती थबकली.

"बाई, ह्यांनी सांगितलं का? माझी झाडं कशानं गेली?"

हेरंब उठला. "मावशी, त्याचं असं आहे, प्रयोगामध्ये काही वेळा…"

"गप्प!" बाई म्हणाल्या. "तिला कळेल असं सांग. एका वाक्यात."

"बाई…"

"एका वाक्यात!"

हेरंबनं कौसल्याच्या मातीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"औषध म्हणून मी जे घातलं… तो रोगच होता."

कौसल्या त्याच्याकडे बघत राहिली. मग बाईंकडे वळली.

"तुमाला ठावं हुतं?"

"नाही."

"ह्यांला?"

"त्यालाही नव्हतं."

"मंग घालायच्या आदी बगायचं हुतं की." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "पोरावानी वाढिवली म्या ती. आन आता दहावं पानं टाकाया लागलंय."

"दहावं?" हेरंब म्हणाला. "दहाव्याला मी हात लावला नव्हता."

"तुमी न्हाय लावला. खाली मुळं मुळांला लागत्यात का न्हाय?"

मुळाला मूळ भिडतं आणि बुरशी पुढं सरकते. हे अकरा हजार जनुकं मोजणाऱ्याला बागेतल्या बाईनं सांगावं लागलं.

"बाकीची एकतीस ऱ्हात्यात का जात्यात, येवडं सांगा," कौसल्या म्हणाली.

उत्तर एकच होतं. आजारी बुरशी मिळाली आणि ती त्या मारक धाग्यांना भिडवता आली, तर काही राहतील. नाही मिळाली, तर सगळी जातील.

बाई पायऱ्या उतरल्या. अंगणात एक जुनं अंजिराचं झाड आहे. पानं लहान, फळं मोजकी, खोड एका बाजूला वाकलेलं. मागच्या खेपेला हेरंब त्या झाडाला बघून म्हणाला होता, "बाई, हे काढून टाका. रोगाचं घर आहे नुसतं." बाई तेव्हा हसल्या होत्या.

आता त्या झाडाखाली जाऊन थांबल्या.

"बावीस वर्षांपूर्वी, हे घर नव्हतं तेव्हा, मी पहिल्यांदा ती इथं घातली," त्या म्हणाल्या. "उकर."

"पोपटराव, खुरपं द्या," हेरंब मला म्हणाला.

"हातानं," बाई म्हणाल्या.

तो गुडघ्यांवर बसला. इस्त्रीची पँट, बोटात अंगठी. माती कडक होती. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो आणि कुणीही त्याला मदत केली नाही. मी तरी मुद्दाम केली नाही.

वीतभर खाली गेल्यावर एक नख तुटलं. तो थांबला. बाईंनी फक्त बघितलं. तो पुन्हा उकरायला लागला.

हातभर खाली मुळं लागली.

बांधाच्या बाजूनं आलेल्या एका मुळावर पांढरी शुभ्र बुरशी पसरली होती. ताजी, दाट, पंख्यासारखी. कौसल्याच्या बागेतून ती इथवर पोचली होती. बाईंनी डोळे मिटून घेतले.

तिच्यापासून चार बोटांवर दुसरं मूळ होतं. त्यावरही काहीतरी होतं. पिवळट, विरळ. पटकन दिसणारसुद्धा नाही असं. पण ते मूळ कुजलेलं नव्हतं.

हेरंबनं खिशातून नमुन्याची पिशवी काढली. हात पुढं केला.

आणि त्याचा हात पांढऱ्याकडे गेला.

मी शपथेवर सांगतो, त्याला सगळं कळलेलं होतं. नुकतंच, आमच्यासमोर कळलं होतं. तरीही हात तिकडेच गेला.

बाईंनी वाकून त्याचं मनगट पकडलं. गुडघे दुखत असणार. सोडलं नाही.

तो वर बघायला लागला. डोळ्यांत पाणी होतं.

"बाई… ही सवय माझ्या हाताला कधी लागली?"

मनगट तसंच धरून त्या उभ्या होत्या.

"तुझ्या वर्गात तेवीस मुलं होती," त्या शेवटी म्हणाल्या. "मी एक निवडला. सगळ्यांत जोमदार होता तो." राग अजून होता, पण आता तो कुणावर होता ते मला सांगता येईना. "मीही कडेवरूनच उचललं."

कौसल्यानं पदरानं हात पुसले. उगाचच. माती वाळली होती.

मग बाईंनी मनगट सोडलं.

हेरंबचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तो पिवळट मुळाकडे वळला. त्यानं बोटानं आजूबाजूची माती बाजूला केली, मुळाचा वीतभर तुकडा तोडला आणि बाळाला उचलावं तसा दोन्ही हातांनी पिशवीत ठेवला.

"तीच आहे का, ते आधी तपासतो," तो म्हणाला.

"शेवटी पण तपास," मी म्हणालो. बटाटे उकडणाऱ्यानं बोलायचं नसतं, पण मी बोललो.

"शेवटी पण तपासतो, पोपटराव. दर वेळी."

"माजी एकतीस हायेत," कौसल्या म्हणाली.

"हो, मावशी."

"कवा येनार?"

त्यानं पिशवीचं तोंड बंद केलं. मग म्हणाला, "ती वाढेल तेव्हा. तिला घाई करता येणार नाही."

वर टेबलावर लेखाचा गठ्ठा वाऱ्यानं फडफडत होता. दोन कागद उडून अंगणात आले. त्यानं ते उचलले नाहीत.

पिशवी छातीशी धरून तो फाटकापर्यंत गेला. परत आला. बाई वाकलेल्या झाडाला टेकून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"बाई, माझ्याकडेच देताय? पुन्हा?"

"यंत्रं तुझ्याकडे आहेत."

"आणि ही मेली तर?"

बाईंनी फांदीवरचं एक सुकलेलं पान खुडलं.

"बाई, नीट सांगा ना. मी तिला जपू कसं?"

बाईंनी मान वळवली. डोळे लाल झाले होते.

"तिला बरं करू नकोस."